तांदळातलं नाव

"बाई, तांदळात नाव लिव्हू देऊ नका. माझे कागद अजून एकमेकांशी भांडतेत," माझ्या लग्नाच्या आठवडाभर आधी आमच्या शाळेतल्या शिपाई सारजाबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'गार्गी' लिहिलं, आणि मी, शलाका, लाजले.

सारजाबाईंना रिटायर होऊन चौदा महिने झाले, पेन्शन अजून सुरू नाही. नोकरी माहेरच्या 'सारजा' नावावर, आधार कार्ड सासरच्या 'आशा' नावावर. काल लेकीला कडेवर घेऊन मीच त्यांच्याबरोबर पेन्शनच्या ऑफिसात गेले.

"सारजा आणि आशा एकच बाई आहे, असं लिहून देणारा साक्षीदार आणा," साहेब म्हणाले.

"मी देते ना. सहा वर्षं एकाच शाळेत होतो." मी माझं शाळेचं ओळखपत्र आणि आधार कार्ड पुढं केलं.

त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली. "मॅडम, आधी तुम्ही शलाका का गार्गी, ते ठरवा."

सारजाबाईंनी हळूच लेकीला माझ्याकडून घेतलं. "जाऊ द्या बाई. सोमवारी आमच्या मालकाला घेऊन येते, त्यांची सही चालंल. त्यांनी उभ्या जन्मात एक दिस नोकरी नाय केली, पण त्यांचं नाव एकच हाय."

आज घरी गेलात की तुमच्या आईचे कागद एकदा काढून बघा. त्यात किती जणी निघतात, ते तिच्याशेजारी बसून मोजा.