आत गेला तर?

अंतिम सामना संपत आला होता. बास्केटखाली तहसीन मोकळी उभी होती, म्हणून वल्लरीने चेंडू तिच्याकडे टाकला. तहसीनने तो तसाच परत केला. "तूच टाक. यंदा तू चमकणार आहेस."

सांगलीच्या त्या कॉलेजच्या संघात कोण चमकणार, हे भाकीत करणाऱ्या यंत्राने हंगामाआधीच सांगितलं होतं. नाव एकच आलं, वल्लरीचं. यंत्र आजवर कधी चुकलं नव्हतं, त्यामुळे बाकीच्या मुलींनी घाम गाळणं सोडून दिलं. सरावाला वल्लरी एकटीच येऊ लागली. तिचा नेम चुकला तरी प्रशिक्षक खाडिलकर सर ओरडत नसत. शाळेपासून एका डब्यात जेवणारी तहसीनसुद्धा तिच्याशी पाहुण्याशी बोलावं तशी जपून बोलायची.

वल्लरीने चेंडू टाकला आणि सामना जिंकला. टाळी द्यायला हात वर करून ती धावत आली, तर मुली बॅगा भरत होत्या.

"अगं, जिंकलो आपण!"

"माहीत होतं की," तहसीन मायेने म्हणाली आणि तिने टॉवेल पुढे केला.

वल्लरीने टॉवेल घेतला नाही. तिने चेंडू तहसीनसमोर धरला. "आता सामना संपलाय. एकदा तू टाक ना, माझ्यासाठी."

शाळेत असताना तहसीन तिच्यापेक्षाही लांबून टाकायची. तिचे हात चेंडूपर्यंत आले आणि थबकले. तिने बॅग खांद्याला लावली.

"नको गं," ती हळूच म्हणाली. "आत गेला तर?"

आणि ती दाराकडे चालू लागली.