दगड ओळ उचलतो

सहलीत सकाळी पडकं हेमाडपंती देऊळ, दुपारी लाव्हाच्या डोंगराची चढण आणि उतरल्यावर वाईन. देवळात वाटाड्या काकासाहेबांनी कानावर हात ठेवून "रामकृष्ण हरी" असा आवाज टाकला आणि ते थांबले. कीर्तनात मागचे टाळकरी ओळ उचलतात, तसा इथला दगड उचलतो, असं ते पाहुण्यांना नेहमी सांगत. आज देऊळ गप्पच राहिलं.

"काका, मागच्या वर्षी दगड किती गोड गायला होता. परत म्हणा ना," पाहुण्यांतली, दुसऱ्यांदा आलेली रोहिणी म्हणाली.

काकांनी परत म्हटलं, परत थांबले. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"तवा गाभाऱ्यामागं लपून आमची कारभारीन गायची, ताई. माघात गेली ती. पर आवाज टाकल्यावर थांबायची सवय काय जात न्हाई."