उंबऱ्यापासून कड्यापर्यंत

"टेप ताणून धर. नाहीतर म्हणशील, म्हातारीने मधली वीतभर जमीन चोरली," गुद्रुन दारातून ओरडली.

नगरपालिकेतून मोजणीला आलेला माल्टे बागेच्या टोकाशी गुडघे टेकून बसला होता. त्याच्या पुढ्यात गवत संपत होतं आणि खडूच्या मऊ दगडाचा पांढरा कडा सरळ खाली समुद्रात उतरत होता. म्यॉन बेटाच्या या किनाऱ्यावर नगरपालिकेचा नियम साधा होता. उंबरा आणि कड्याची कड यांत वीस मीटरही उरले नाहीत, की घर सोडायचं. उत्तरेकडचे शेजारी तसेच गेले होते. आता इथे एकटी गुद्रुन उरली होती, आणि तिलाही नोटीस आली होती.

"बावीस मीटर!" माल्टेने वाऱ्यावर आवाज चढवला. "वर थोडं."

"मी काय सांगत होते?"

तो आत आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर माती होती. ती मात्र कड्यावरची नव्हती.

"येताना तुमच्या वाटेवर आपटलो," तो पँट झटकत म्हणाला. "पानांखाली पायरी बांधली आहे का कुणी?"

"शहरातल्या बुटांना सगळीकडे पायऱ्याच भेटतात. बस. कॉफी घे."

तिने बादलीतून किटलीत पाणी ओतलं. "नळ बंद आहे. रानातला पाइप पुन्हा फुटला. प्लंबर म्हणतो, थंडीने."

"एप्रिलमध्ये?"

"तो म्हणतो बाबा. या बेटावर माझा फोन उचलणारा तो एकटाच आहे. त्याच्याशी वाद घालून मला परवडायचं नाही."

टेबलावर फोटो मांडलेले होते. उंबऱ्याच्या दगडात अक्सेलने, तिच्या नवऱ्याने, पितळेचे तीन खिळे ठोकले होते. कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय त्या खिळ्यांवरच ठेवायचे. तीच लेन्स, तीच उंची, तोंड समुद्राकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक फोटो. अक्सेल गेल्यावरही तिने एक रविवार चुकवला नव्हता. घरात दुसरं माणूस नसलं की असं एखादं काम माणसाला रविवारपर्यंत नेतं.

माल्टेने पट्टी काढली. पहिला फोटो आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवले. कडेवरचं दुहेरी खोडाचं, बीच जातीचं झाड त्याच जागी होतं. मागची समुद्राची रेघ झाडाच्या त्याच फांदीला टेकत होती.

"केसाचाही फरक नाही," तो पुटपुटला. "दोन्ही बाजूंचं रान केवढं मागे गेलंय, आणि तुमचा तुकडा मात्र जागच्या जागी. हे जरा विचित्रच आहे."

"अक्सेल म्हणायचा, या घराखालचा खडू हट्टी आहे."

"त्यालाही तुमच्या हाताखाली राहायची सवय झाली असेल."

ती हसली. कुणीतरी घरात बसून तिला हसवलं होतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. बाहेर वाऱ्यात टेलिफोनची जुनी तार गुणगुणत होती. पूर्वी ती सैल लोंबायची. या हिवाळ्यापासून तिला सूर लागला होता. संध्याकाळी गुद्रुनला तिची सोबत वाटे.

माल्टेने सही केली. "नोटीस रद्द. राहा खुशाल."

तिने त्याच्या ताटलीत राय ब्रेडचा आणखी एक तुकडा ठेवला, वर हेरिंग मासा. "आज मी झेंडा चढवणार, आनंदाच्या दिवशी चढवतात तसा."

"वाढदिवस आहे?"

"असं समज. पुन्हा कधी येशील मोजायला?"

"आता कशाला येऊ? प्रकरण मिटलं की." तो खाता खाता म्हणाला. "आता कुणी तुम्हाला त्रास देणार नाही, गुद्रुन."

तिने मान हलवली. अख्खा हिवाळा ती या भेटीची तयारी करत होती. जिंकल्यावर काय करायचं, याचा विचार तिने केलाच नव्हता.

माल्टे निघाला. गाडी त्याने रानापलीकडच्या रस्त्यावर लावली होती. तो बीचच्या झाडांमधून वर जाऊ लागला. आठवडाभर लागलेला पाऊस आजच थांबला होता आणि खोडं अजून काळी ओली होती.

"माल्टे! थांब जरा!"

कॅमेऱ्यात फिल्मची एक चौकट उरली होती. रानाकडे कॅमेरा कधी वळवायचा नाही, फिल्म कड्यासाठी आहे, असं अक्सेल म्हणत असे. आजवर तिने ते पाळलं होतं. पण इतक्या वर्षांच्या फोटोंत एकही माणूस नव्हता. तिने कॅमेरा तिवईवरून सोडवला आणि अक्सेलची ससाणे टिपायची लांब लेन्स त्याला लावली.

"इकडे बघ! आणि हस जरा, नगरपालिकेतला वाटू नकोस!"

माल्टे वर झाडांत उभा राहून हात हलवू लागला. दूरचं तिला हल्ली धूसरच दिसे. कॅमेऱ्यातही आधी नुसता धुरकट करडा रंग दिसला आणि त्याच्या पायांखाली एक आडवी पांढरी रेघ. रानफुलं, तिला वाटलं. एप्रिलमध्ये बीचच्या रानात ती अशीच पांढरी पसरतात. या वर्षी किती सरळ ओळीत आली आहेत!

तिने लेन्सची कडी हळूहळू फिरवली. माल्टेचा चेहरा स्पष्ट झाला. मग ती रेघ.

ती फुलं नव्हती. तो नुकताच उघडा पडलेला ओला खडू होता. तुटलेल्या मुळ्या त्यातून बाहेर लोंबत होत्या, आणि तो काप, वाटेवर पायरीएवढा नि बाजूंना कंबरभर उंच, रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. माल्टे त्याच्या पलीकडे, वर उभा होता. आणि अलीकडे, खाली, ती होती, तिचा उंबरा होता, बाग होती आणि कडाही होता, सगळं एकत्रच खाली सरकलेलं.