आईच्या सोबतीला मांजर

"पिल्लू नको," आई जेवता जेवता म्हणाली. "पिल्लू म्हणजे दर थोड्या वेळानं भरवायचं, पडद्यावरून उतरवायचं आणि आपण झोपलो की पायांची बोटं त्याच्या तोंडी द्यायची."

"मग मोठं आणू," बाळू म्हणाला.

बाळूनं पंचेचाळिशी ओलांडली होती. डोक्यावर टक्कल होतं, स्वतःचा छापखाना होता, हाताखाली माणसं होती. पण आईनं ठेवलेलं नाव काही केसांबरोबर गळत नाही. त्याची बायको दातांची डॉक्टर, तिचे दवाखाने दोन. मुलगी कॉलेज, पोहणं आणि शिकवण्या यांत अडकलेली. घरातली माणसं एकमेकांशी बोलत ती फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या चिकटवून. सगळे एकाच वेळी जेवायला बसले, हाच आजचा मोठा योग होता.

उरली आई. ती दिवसभर घरात एकटी.

हे बाळूच्या मनाला फार लागलं होतं. दुपारी तो न चुकता तिला मोबाइलवर फोन करी. मागे कसला तरी गलका चाललेला असे. "टीव्ही आहे रे," आई म्हणे आणि घाईघाईनं फोन ठेवी. बाळूला भडभडून येई. चार आवाज कानावर पडावेत म्हणून आईवर टीव्ही लावून बसायची पाळी यावी! संध्याकाळी तो परतला की ती खुर्चीत पेंगत असे. रिकामं बसून माणूस जास्त थकतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. बहुधा स्वतःच छापलं असावं.

गेल्या वर्षी आईनं एकदा विचारलं होतं, कोपऱ्यावरच्या शिवणवर्गात शिकवायला जाऊ का म्हणून. "या वयात नोकरी? लोक म्हणतील, मुलगा पोसत नाही!" असं म्हणून त्यानं विषय तिथंच मिटवला होता. आईनं तो पुन्हा काढला नाही. तेव्हापासून आपण तिच्यासाठी काहीतरी करायला हवं, ही टोचणी त्याला लागली होती. मांजर हा त्यावरचा उपाय होता. फक्त वय ठरत नव्हतं.

"दोन वर्षांचं बघू या?" बायकोनं विचारलं.

"ऐन मस्तीत असतं," आई म्हणाली. "सोफ्याच्या चिंध्या करील."

"मग म्हातारं आणू," बाळू म्हणाला. "बिचारं पडून राहील आईजवळ."

"म्हाताऱ्यांना काय नुसतं पडून राहायला आणायचं असतं?" आई एकदम तडकली. "त्यांचे दात किडतात, मूत्रपिंडं कुरकुरतात. रोज गोळी द्यावी लागते, आणि ती सुखासुखी घेतात होय? जबडा असा धरावा लागतो."

तिनं बाळूचा जबडा दोन बोटांत पकडला. त्याचं तोंड आपोआप उघडलं. त्याची बायको खायची थांबली. इतक्या वर्षांत तिला एकाही पेशंटचं तोंड इतक्या झटपट उघडता आलं नव्हतं.

"आई, कुठं शिकलात हे?"

"टीव्हीवर," आई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. जाता जाता म्हणाली, "धावपळीच्या घराला पाच-सहा वर्षांचं बरं. शहाणं झालेलं असतं. पण आपल्याकडे नकोच."

बाळूच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला कुणाला त्रास नको, म्हणून बोलत होती बिचारी! त्यानं त्याच क्षणी ठरवलं, मांजर आणायचंच.

रविवारी सगळे गाडीत बसले. आईचे गुडघे अचानक दुखायला लागले होते, पण बाळूनं ऐकलं नाही. प्राण्यांचं आश्रयघर गावाच्या टोकाला होतं. समोरच्या टेबलाशी एक मुलगी बसली होती. ती फक्त रविवारची येत असे. तिनं त्यांना जाळीच्या मोठ्या खोलीत नेलं.

आईचं पाऊल आत पडलं मात्र, झोपलेली मांजरं ताडकन उठली. फळ्यांवरून उतरली, आईभोवती गोळा झाली आणि सगळ्यांनी एकच ओरडा सुरू केला. एक दांडगा बोका तर शेजारच्या फळीवर चढून आईच्या बाहीवर डोकं घासायला लागला.

"कमाल आहे," मुलगी म्हणाली. "हा मला जवळसुद्धा येऊ देत नाही."

"मुक्या जनावराला माया बरोबर कळते," बाळू सद्गदित होऊन म्हणाला. आई जमिनीकडे बघत होती.

"पाच वर्षांचा आहे," मुलगी सांगू लागली. "गुणी आहे, पण याला एकटं राहवत नाही. मागच्या घरी दिवसा कुणी नसायचं, तर यानं खाणंच सोडलं. शेवटी परत आणून घातला त्यांनी. तेव्हा खरं सांगा, दिवसा घरी कोण असतं?"

"माझी आई," बाळूनं छाती पुढे काढली. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कुठं म्हणजे कुठंही जात नाही."

"बाळू, अरे ऐक जरा..."

"तू काही बोलू नकोस, आई. आजवर तुला एकटं टाकलं, ते माझं चुकलं. यापुढे तू आणि हा बोका, दिवसभर घरात, मजेत. अगदी उद्यापासून!"

आतल्या खोलीचं दार उघडलं. जनावरांचे डॉक्टर टॉवेलला हात पुसत दारातच थांबले होते. त्यांनी सगळं ऐकलेलं दिसत होतं, कारण चेहरा पार उतरला होता.

"अहो बाई, तुम्ही नोकरी सोडताय?" ते म्हणाले. "मग उद्यापासून या पलटणीचं कोण बघणार?"