लपवायची पुस्तकं

तपासनिसाने पिशवीतून तीन पुस्तकं काढून काउंटरवर ठेवली. एकावर एक नाही, शेजारी शेजारी. जप्तीचा माल मांडावा तशी.

दुकानवालीने वर पाहिलं. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. तपासनिसाने एखादा दाढीवाला तरुण गृहीत धरला होता. ती काळजी मिटली, तशी दुसरी सुरू झाली. एक बाई दुसरीला काय काय शिकवेल याला धरबंध नसतो.

"ही तुम्ही माझ्या बायकोला सुचवलीत," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला. नोकरीभर त्याने विमा कंपनीसाठी जळालेल्या दुकानांची पाहणी केली होती. आग लागली की लावली, हे तो राखेत काठी फिरवून सांगायचा, आणि बहुतेक वेळा लावलेलीच निघायची. निवृत्तीनंतर पाहणीला घर तेवढं उरलं होतं.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. दाराजवळच्या फळीवर नवीन आलेली पुस्तकं उभी होती आणि प्रत्येकाखाली बाईच्या हातची चिठ्ठी. 'सुरुवातीची पानं सोसा, पुढे रस्ता चांगला आहे.' 'जावयाला देऊ नये.' 'उत्तम. लेखकाला मात्र कळू देऊ नका.' फुकट सल्ला देणाऱ्या माणसावर तपासनिसाचा मुळातच विश्वास नव्हता. इथे तर सल्ल्यांची रांगच लावली होती.

त्याने पुरावा मांडायला घेतला. पहिलं पुस्तक कपाटात चादरींच्या घडीखाली सापडलं होतं. त्यातली बाई उतारवयात गाडी चालवायला शिकते आणि एक दिवस घराकडचं वळण घेतच नाही. दुसरं पिठाच्या डब्यामागे. त्यातली चार दिवस म्हणून बहिणीकडे जाते ती परत येतच नाही. तिसरं शिलाई मशीनच्या खणात. त्यातली तर सरळ दुसऱ्या गावात एक खोली घेते, आणि खिडकीला कुठल्या रंगाचा पडदा लावावा यावर लेखिकेने अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. तिन्हींवर याच दुकानाचा शिक्का.

"पडद्याचं प्रकरण वाचलंत तुम्ही?" दुकानवालीने विचारलं.

दोनदा वाचलं, असं तो म्हणाला. पडदा शेवटी निळा ठरतो. आणि त्याच्या बायकोने मागच्याच आठवड्यात निळं कापड आणलं होतं. उशांच्या अभ्र्यांसाठी, असं तिचं म्हणणं.

मग तो मुद्द्यावर आला. बायको घर सोडायच्या तयारीत आहे की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. दुकानवाली म्हणाली, एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही असा आमचा नियम आहे. तो म्हणाला, मी गिऱ्हाईक नाही, नवरा आहे. त्याने काय फरक पडतो, हे बाई बोलली नाही, पण तिच्या तोंडावर ते ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

"मग ही ठेवून घ्या," तो म्हणाला. "पैसे नकोत. पण यापुढे तिला एकही पुस्तक सुचवायचं नाही. मीही घरी जाऊन सांगतो, त्या दुकानाची पायरी चढायची नाही."

दुकानवालीने चष्मा डोळ्यांवर घेतला.

"त्यांना मी एकही पुस्तक सुचवलेलं नाही," ती म्हणाली. "ही तिन्ही तुम्हाला सुचवली आहेत."

तपासनिसाने हे वाक्य मनात उलटंपालटं करून पाहिलं. फार गोळीबंद जबाबात हमखास काहीतरी दडलेलं असतं, असा त्याचा अनुभव होता.

नियम मोडलाच आहे तर नीट मोडावा, म्हणून बाई सांगत गेली. त्याची बायको प्रथम आली तेव्हा म्हणाली, आमच्या यांच्यासाठी काहीतरी द्या. दिवसभर घरात असतात, नळ गळतो का ते बघतात, पण बोलायला म्हणून विषय नाही. यांना काय आवडतं, असं विचारल्यावर ती बराच वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, लबाडी पकडायला. वाचा म्हटलं तर हात लावणार नाहीत. लपवून ठेवलं तर मात्र अक्षर सोडणार नाहीत.

"हा बनाव आहे," तपासनीस म्हणाला.

"आहेच."

"मग तिन्हींत बाई घर सोडून का जाते?"

"जी राहते तिचं पुस्तक तुम्ही वाचलं असतंत?"

दुकानवालीचा आवाज जरा खाली आला.

"दुसरं पुस्तक सापडलं तेव्हा तुम्ही त्यांना विचारलंत म्हणे, तुला इथे काही कमी आहे का. मग बहिणीची चौकशी केलीत. लहानपणी दोघी कुठे राहायच्या, भांडायच्या कशावरून. ताटं वाळेपर्यंत बोलत होतात."

"मी जबाब घेत होतो."

"त्यांना तसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायच्या आत दारात हजर. नवीन काय आलंय, म्हणून."

तपासनिसाने घसा साफ केला. "म्हणजे ती जाणार नाही."

"ते मला कसं माहीत असणार? मी पुस्तकं विकते." तिने काउंटरखालून एक नवंकोरं पुस्तक काढलं. "हे कालच आलं. त्यांच्यासाठी बाजूला ठेवलंय, पण त्या अडल्यात. लपवायच्या जागा संपल्या म्हणतात."

तपासनिसाने आपली तीन पुस्तकं पुन्हा पिशवीत भरली, सापडली होती त्याच क्रमाने. नव्या पुस्तकाला त्याने हात लावला नाही, नुसती जाडी नजरेने मापली. दारापर्यंत गेला. बाहेरून कुणी येत नाही ना हे बघून परत काउंटरपाशी आला.

"जागा तुम्हीच सुचवा तिला," तो म्हणाला. "फक्त माळ्यावर नको. माझे गुडघे दुखतात."