नीलाताईंचा डबा

विद्यापीठासाठी देणग्या मिळवायचं काम मला नीलाताईंनी शिकवलं. देणगीदाराच्या घरी पहिल्या भेटीत त्या पैशाचा विषयच काढायच्या नाहीत. बेसनाचे लाडू न्यायच्या, तासभर गप्पा मारायच्या आणि स्टीलचा डबा मुद्दाम तिथेच विसरून यायच्या. "डबा राहिला की परत जायला निमित्त राहतं गं," परतताना मेट्रोत मला हसून सांगायच्या. मागच्या महिन्यात ताई झोपेतच गेल्या. तेराव्याला त्यांच्या आई मला म्हणाल्या, "तिचं नाव घातलेला एक डबा घरात दिसत नाही. शोधशील का?" तो मयूर विहारला खुराना अंकलकडेच असणार, हे मला ठाऊक होतं. अंकल विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, बायको गेल्यापासून एकटेच राहतात. वाचनालयासाठी त्यांनी देणगी देऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी ताईंचं तिथे डबा विसरणं काही थांबलं नव्हतं. मी बेल वाजवली. त्यांनी काही न विचारता आतून डबा आणला. तो घासून लख्ख केलेला होता. "वो भूलती नहीं थीं, बेटा. मुझे पहले दिन से पता था," झाकणावरचं नाव अंगठ्यानं पुसत ते म्हणाले. मी झाकण उघडलं. आत साखर होती. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे ताईंनीच त्यांना शिकवलं असणार. मी डबा पिशवीत ठेवला आणि चपला घालायला वाकले. दार धरून उभे असलेले अंकल हळूच म्हणाले, "आज तुम भी कुछ भूल जाओ."