पुढच्या वर्षीचा चेहरा

क्षयरोग वॉर्डातल्या सिस्टर मृणाल तोरसकरांनी नवा मास्क लावला आणि तो घट्ट बसतो का हे तपासायचा टोप डोक्यावर चढवला. टोपात कडू फवारा उडताच तो मास्कच्या फटीतून शिरला आणि त्यांची जीभ कडू झाली.

“सैल आहे,” त्या म्हणाल्या.

“यंत्र पुढच्या वर्षीचा चेहरा गृहीत धरून मास्क बनवतं, सिस्टर,” तंत्रज्ञ इरफान म्हणाला. “अजून कधी चुकलेलं नाही. तुमचे गाल भरणार आहेत.”

त्या गोंधळल्या. नवरा गेल्यापासून त्यांना घास गिळवत नव्हता. गाल पार खोल गेले होते.

“म्हणजे मी त्यांना विसरणार?”

“तेवढं यंत्राला कळत नाही,” इरफान चाचरत म्हणाला. “तोवर घट्ट बसावा म्हणून आतून जाड पट्टी लावून देऊ?”

आनंद मानावा की लाज वाटावी, त्यांना समजेना.

“लावा,” त्या हळूच म्हणाल्या, “पण काढता येईल अशी.”